आजोबांच्या २८ इंची सायकलचा रॉड ब्रेक: रबर दोनदा बदलून पण का लागत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की आजोबांची काळी २८ इंची सायकल माळ्यावरून काढली, चालवण्यासारखी केली, पण ब्रेक लागत नाही. पुढचा दाबला तर लिव्हर सरळ मुठीला टेकतो, मागचा न दाबताच घासतो आणि दाबला की डुकरासारखा ओरडतो. रबर दोनदा बदलून झाले, आता मेकॅनिक म्हणतोय हे जुनं सगळं फेका, वायरचा ब्रेक टाकून देतो. आणि मधेच एक वाक्य सहज लिहून गेलात, की मिसेसना चालवता यावी म्हणून हँडल बोटभर खाली घेतलं आणि चेन लोंबत होती ती ताणून घेतली. अहो, निम्मं उत्तर त्याच वाक्यात आहे.

सांगलीत बत्तीस वर्षं सायकली उघडतोय मी, तेव्हा जरा पाल्हाळ लागेल, सांभाळून घ्या.

आधी हा ब्रेक काम कसा करतो ते बघू, कारण आजकालच्या पोरांनी, आणि खरं सांगायचं तर आजकालच्या मेकॅनिकांनी पण, हा उघडून बघितलेला नसतो. वायरच्या ब्रेकमध्ये रबर रिमला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतो. रॉड ब्रेकमध्ये तसं नाही. यात यू आकाराचा एक लोखंडी तुकडा असतो, त्याच्या दोन टोकांना रबर, आणि हे रबर रिमच्या आतल्या अंगाला, म्हणजे जिकडे तारा असतात तिकडे, तारांच्या डाव्या उजव्या बाजूला बसतात. लिव्हर वर ओढला की रॉड वर जातो, रॉड तो यू ओढतो आणि रबर आतून बाहेर, टायरच्या दिशेने रिमवर दाबले जातात. मागच्या चाकाला हेच, फक्त रस्ता लांबचा. हँडलवरून खाली, तिथून एल आकाराच्या तुकड्यावरून वळून खालच्या पाइपाच्या कडेने लांब रॉड, मग पायडलच्या एक्सलजवळून मागच्या यूला.

आता बघा. रॉड म्हणजे वायर नव्हे. वायर हँडलबरोबर वळते वाकते, रॉडची लांबी ठरलेली. त्यामुळे हँडल खाली घेतलं की लिव्हर खाली आला, रॉड खाली आला आणि पुढचा यू तेवढाच रिमपासून लांब गेला. बोटभर म्हणजे जवळजवळ दोन सेंटिमीटर झाले की. लिव्हरची सगळी चाल ते अंतर भरण्यातच संपते, रबर रिमला टेकेपर्यंत लिव्हर मुठीला टेकलेला असतो. यात रबराचा काय दोष? सोन्याचा रबर लावला तरी तो पोचणारच नाही. उलट कुणी हँडल वर घेतलं तर ब्रेक आपोआप आवळतो आणि चाक फिरायचं थांबतं, मग लोक सायकल जड चालते म्हणून हबला ग्रीस भरत बसतात.

मागच्याचं दुसरंच. चेन ताणायची म्हणजे मागचं चाक मागे ओढायचं. मागचे रबर कुठे आहेत, तर चाकाच्या पुढच्या भागात, रिमच्या आत. चाक पाच मिलिमीटर मागे गेलं की रिम पाच मिलिमीटर मागे येऊन रबरावर बसते. म्हणून तुमचा मागचा न दाबता घासतोय. चेन ताणली की मागचा ब्रेक परत लावायलाच लागतो, हे पूर्वी दुकानातल्या पोऱ्याला पहिल्या आठवड्यात कळायचं.

तेव्हा क्रम कधी मोडू नका. आधी हँडल ज्या उंचीला ठेवायचं तिथे पक्कं करा, मग चेन ताणून मागचं चाक सरळ घट्ट करा, आणि मग ब्रेकला हात लावा. ब्रेक लावून झाल्यावर हँडल हलवायचं नाही.

पण एवढ्यावर सोडलं तर ब्रेक पोचेल, धरेलच असं नाही. आणि इथेच रबर बदलण्याची घाई नडते. हाताचा जोर रिमपर्यंत जायला वाटेत पाच सहा सांधे आहेत, लिव्हर जिथे हँडलला अडकतो तो, लिव्हर आणि रॉडचा, एल तुकड्याची पिन, रॉडच्या टोकाची पिन, यूला जागेवर धरणाऱ्या क्लिपा. प्रत्येक ठिकाणी अर्धा मिलिमीटर ढिलेपण धरा, मागच्या ब्रेकला तीन मिलिमीटर गेले की, म्हणजे रबर आणि रिममध्ये जेवढी फट ठेवायची तेवढंच. माझ्याकडे ब्रेक लागत नाही म्हणून दहा सायकली आल्या तर रबर खरंच संपलेला एखाद दुसऱ्याचा निघतो. बाकी सगळा जोर वाटेत सांडलेला असतो.

तपासायचं कसं, तर एक माणूस लिव्हर दाबायला बसवा आणि तुम्ही खाली बसून नुसतं बघा. हात लावू नका, बघा. लिव्हर हलतो पण रॉड कधी हलायला लागतो, रॉड हलतो पण यू कधी हलतो. जिथे आधीचा तुकडा हलला आणि पुढचा जागेवरच राहिला तिथे सांधा खाल्लाय. मागचा लांब रॉड मधेच वाकलेला असेल तर तो पण चोर. वाकलेला रॉड ओढला की आधी स्वतः सरळ होतो आणि मग ब्रेक ओढतो. बऱ्याच जुन्या सायकलींचा वाकलेलाच असतो, कारण दळणाची पिशवी, ऊस, पोरगं, जे काय पुढच्या दांडीवर टांगलं त्याचा धक्का त्यालाच बसतो. काढून लाकडावर ठेवून हलक्या हातोडीने सरळ करा, सायकलला लावलेला असताना पकडीने पिळू नका, आटे मोडतात.

पिनेचं भोक अंडाकृती झालं असेल तर नवीन पिन घालून उपयोग नाही, पिन नवीन आणि भोक तेच. थोडं खाल्लं असेल तर मी कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा कातरीने कापून पिनेभोवती एक वेढा घालतो आणि बाजूला पातळ वायसर, दोन तीन वर्षं आरामात जातात. जास्त खाल्लं असेल तर वेल्डिंगवाल्याकडून भोक भरून परत पाडून घ्या, किंवा भंगारात दुसरा तुकडा शोधा. जुन्या रॅले, हंबर, फिलिप्स अशा इंग्लिश सायकली असतील तर जरा जपून, त्यांचे बारीक आटे आपल्या आजच्या मेट्रिक नटाला जुळत नाहीत, दोन वेढे जातात आणि मग अडकतं, अडकलं की थांबा, जोर लावलात की आटे गेले. तुमची आपल्याकडची दिसतेय, तिला काही अडचण नाही. अटलस सायकल कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला, नेमक्या जागतिक सायकल दिनीच, बंद पडला, तेव्हा मला चार जणांनी फोन करून विचारलं होतं की आता पार्ट मिळणार का. मिळतात. २८ इंचीचं ब्रेकचं सामान कुठल्याही कंपनीच्या सायकलला थोडंफार कानशीने घासून बसतं, आणि लुधियानाहून अजून येतंय.

गंजून बसलेले नट असतील तर निम्मं डिझेल निम्मं मशीनचं तेल, थेंब थेंब सोडून रात्रभर ठेवा. डब्ल्यूडी फोर्टीचा स्प्रे मारायला हरकत नाही, पण ते सोडवायला, वंगण म्हणून नाही, आठ दिवसांत उडून जातं आणि सांधा परत कोरडा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा पूर गावात शिरला त्यानंतर माझ्या दुकानासमोर सायकलींची रांग लागली होती. गंजापेक्षा त्रास गाळाचा झाला. बारीक चिकण गाळ प्रत्येक पिनेत शिरून वाळला होता, आणि लोकांनी घाईने वरूनच तेल ओतलं होतं, त्याची झाली पॉलिश पेस्ट. महिनाभरात भोकं खाऊन टाकली. तेव्हा आधी उघडा, रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये जुन्या टूथब्रशने धुवा, पुसा, आणि मग पिनेला बोटावर येईल एवढंसं ग्रीस. ग्रीस जास्त लावलं की तिथे धूळ बसते आणि गाळाचंच काम करते.

आता रिम. जुन्या रिमवर चाळीस वर्षांचं तेल, रबराची काळी साय आणि गंज यांचा थर असतो आणि तो नेमका आतल्या बाजूला, म्हणजे दिसतच नाही. बोट फिरवून बघा, काळं झालं की समजा. भांडी घासायची तारेची घासणी, भांड्याचा साबण आणि गरम पाणी, तारांच्या मधे मधे हात घालून घासायचं, कंटाळवाणं काम आहे, एका चाकाला अर्धा पाऊण तास जातो. रॉकेलने पुसून सोडून देऊ नका, रॉकेलचा तेलकटपणा राहतो आणि ब्रेक अजून घसरतो. शेवटचा हात साबणाचाच. तेल सोडताना पण हबच्या बाजूने तारेवरून रिमवर ओघळत नाही ना बघा. क्रोम निघून खडबडीत झालं असेल तर बारीक पॉलिश पेपरने खपल्या काढा, नाहीतर नवा रबर महिन्यात किसून टाकेल. पूर्ण सोललेली, खड्डे पडलेली रिम असेल तर ती बदलायची, तिला ग्राइंडर लावून चकचकीत करायच्या फंदात पडू नका, पत्रा आधीच गंजून पातळ झालेला असतो.

आणि आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा. वायरच्या ब्रेकला चाक डावी उजवीकडे वाकलेलं चालत नाही. रॉड ब्रेकला ते थोडं चालतं, पण वर खाली अजिबात चालत नाही. कारण रबर रिमला बाजूने नाही, आतून टेकतो. खड्ड्यात आपटून रिम एका जागी आत दबली असेल तर प्रत्येक फेरीला ती जागा रबराला खर्र करून लागते. मेकॅनिक मग काय करतो, घासतंय म्हणून फट वाढवून देतो, आणि फट वाढवली की लिव्हर परत मुठीला. म्हणजे रोग एकीकडे आणि पट्टी दुसरीकडे. मडगार्डच्या पट्टीला सुतळीने एक काडी बांधा, टोक रिमच्या कडेला आणा, चाक हळू फिरवा, कुठे जवळ येते कुठे लांब जाते ते खडूने खुणा करून बघा. आऊट काढायचं काम जमत नसेल तर दुकानात द्या, पण सांगताना उंचीचा आऊट काढा असं स्पष्ट सांगा, नाहीतर बाजूचा काढून देतील आणि पैसे घेतील. त्याआधी चाक दोन्ही हातांनी धरून हलवून बघा, एक्सलला ढिलं असेल तर कोन, म्हणजे एक्सलवरचे छर्रे धरणारे नट, टाइट करा, छर्रे बघा. डुगडुगणाऱ्या चाकाचा आऊट काढण्यात अर्थ नाही.

एवढं सगळं झाल्यावर रबर. तुम्ही दोनदा बदललेत, नवे असतील तर परत घेऊ नका. नखाने दाबून बघा. नख रुतलं पाहिजे. रुतत नसेल तर तो दुकानात पाच वर्षं पडून लाकूड झालेला माल आहे, नवा असून जुना. तोंड चकचकीत झालं असेल तर ८० नंबरच्या पॉलिश पेपरवर चार वेळा घासा, आत रिमचे चमकणारे कण रुतलेले असतील तर सुईने उकरून काढा, ओरडणं निम्मं त्यानेच बंद होतं. बाकीचं ओरडणं यूच्या क्लिपा ढिल्या असल्यामुळे किंवा रबराचा नुसता एक कोपरा टेकत असल्यामुळे. रबराला खडू फासा, ब्रेक दाबून चाक थोडं फिरवा, खडू कुठे पुसला गेला ते बघा. पूर्ण तोंड टेकलं पाहिजे.

रबर बसवताना एक चूक कधीच करायची नाही. रबर ज्या पत्र्याच्या खोक्यात असतो त्याचं एक तोंड बंद असतं, एक उघडं. चाक हाताने पुढे जायच्या दिशेने फिरवा, रबरापाशी रिम ज्या दिशेला पळते त्या दिशेला बंद तोंड. पुढच्या चाकाला बंद तोंड पुढे येतं, मागच्याला खाली. उलटं बसवलं तर जोरात ब्रेक मारल्यावर रिम रबराला खोक्यातून ओढून बाहेर काढते, आणि मग लोखंडावर लोखंड.

दुसरी चूक मी स्वतः केलेली आहे. नवीन नवीन दुकानात होतो, एका दूधवाल्याच्या सायकलचा पुढचा रबर बदलला आणि नट बोटाने लावून पान्याने आवळायचा राहिला, गिऱ्हाईक घाईत, मी बोलण्यात. चौथ्या दिवशी रबर फिरून तारांत गेला. नशीब, वेग नव्हता, माणूस गुडघ्यावर निभावला, पण दोन्ही कॅन रस्त्यावर आडवे आणि गटारापर्यंत दूध. त्या दुधाचे पैसे माझ्या पगारातून कापले गेले आणि बरोबरच होतं ते. तेव्हापासून रबराच्या नटाखाली स्प्रिंग वायसर घातल्याशिवाय आणि प्रत्येक नटाला शेवटी परत एकदा पाना लावल्याशिवाय सायकल सोडत नाही.

आता फट. पुढच्या रॉडवर एक छोटी कॉलर असते, बोल्टवाली, तो ढिला केला की रॉड वर खाली सरकतो. जाड पुठ्ठ्याचे दोन सारखे तुकडे घ्या, तीन मिलिमीटरच्या आसपास, रबर आणि रिमच्या मधे दोन्ही बाजूंना सरकवा, यू हाताने वर ओढून धरा, लिव्हर खाली आरामात पडलेला असू दे, आणि बोल्ट आवळा. पुठ्ठे काढा. लिव्हर साधारण निम्म्या चालीत आला की चाक जाम झालं पाहिजे. मागचं तसंच, फक्त तिथे यूच्या क्लिपा फ्रेमवर सरळ आहेत का ते आधी बघा, एक पुढे एक मागे असेल तर एकच रबर काम करतो. मग हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून मागचं चाक फिरवा. वळवल्यावर मागचा ब्रेक घासायला लागला तर हँडलजवळचा एल तुकडा किंवा रॉड तिरका बसलाय. हे कुणी तपासत नाही, आणि मग बोळात वळताना सायकल अडकते.

कॉलरच्या बोल्टवर माझा अजिबात विश्वास नाही. सगळा ब्रेक त्या एका बोल्टच्या पकडीवर आहे, आणि तो घसरला तर कळतं ते ब्रेक मारल्यावरच. म्हणून आवळून झाला की कॉलर आणि रॉड या दोन्हींवरून जाईल अशी नेलपॉलिशची एक आडवी रेघ ओढतो. रेघ तुटलेली दिसली की समजायचं रॉड सरकला. दुकानात नेलपॉलिश बघून गिऱ्हाइकं हसतात, हसू देत.

हे करून रस्त्यावर आणा, रिकाम्या कोरड्या सपाट रस्त्यावर, ताशी १५ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आरामात चालवतो त्या वेगाने, खडूच्या रेघेवर दोन्ही ब्रेक दाबा. माझा हिशेब असा की तीन साडेतीन मीटरमध्ये सायकल उभी राहिली पाहिजे. पाच मीटर लागले तर परत खाली बसा आणि परत बघा. नुसता मागचा ब्रेक दाबून बघू नका, ब्रेक मारताना वजन पुढे येतं आणि मागचं चाक हलकं होतं, थांबवायचं खरं काम पुढचाच करतो. पुढचा मारला की माणूस उलटा पडतो ही आपल्याकडची भीती, त्यामुळे पुढचा ब्रेक मोडून पडलेला असतो आणि वर्षानुवर्षं कुणाला कळतही नाही. या वजनदार लांब सायकलवर, सीटवर मागे बसून, हात ताठ ठेवून, उलटं पडणं सोपं नाही हो.

पावसाचं मात्र खरं सांगतो, खोटी आशा देत नाही. ओल्या क्रोमच्या रिमवर रबर धरत नाही. कितीही चांगला लावा, पहिले दोन तीन फेरे पाणी पुसण्यातच जातात आणि तोवर समोरची रिक्षा आलेली असते. इंग्लंडमध्ये पाऊस रोजचाच, तिथे स्टीलच्या रिमसाठी रबराच्या तोंडावर चामडं लावलेले ब्रेक मिळायचे, ओल्यात ते बरे धरतात. मी एकदा चप्पल शिवणाऱ्याकडून जाड चामड्याचे तुकडे आणून रबराला चिकटवून बघितले होते. ओल्यात फरक पडला, पण पंधरा दिवसांत निघाले, कोरड्यात ओरडायचे ते वेगळंच. पावसात उपाय एवढाच की चौक यायच्या बराच आधीपासून ब्रेक हलका टेकवून ठेवायचा, रिम पुसली जाते, आणि मग दाबायचा. आणि ही सायकल घेऊन घाट उतरू नका, कोरड्यात पण नाही.

आता तुमच्या मेकॅनिकचं, वायरचा ब्रेक टाकू का. टाकता येतो, पण तो सांगतोय तसा दीडशे दोनशेत नाही. तुमची रिम आतून रबर टेकण्यासाठी बनवलेली आहे, तिच्या दोन्ही बाजू गोल वळवलेल्या असतात. वायरच्या ब्रेकला रिमची बाजू सपाट लागते. गोल कडेवर रबर नीट टेकत नाही, वर घसरून टायरला लागतो, टायर कापतो. म्हणजे आधी दोन्ही रिमा बदला, २८ इंचीच्याच मापाच्या पण सपाट बाजूच्या, तारा परत विणा, मग ब्रेकचे हात पुरेसे लांब हवेत कारण मडगार्ड आणि जाड टायर मधे येतात. एवढं करून हातात काय, तर पावसात तशीच घसरणारी स्टीलची रिम. मी तरी नाही करणार.

घरात वायरच्या ब्रेकची जुनी सायकल पण असेल, बीएसए एसएलआरसारखी, तर तिचं दोन ओळीत सांगतो. तिथे पण तेच, रबराआधी वायर बघा. वायर आणि वरचं कव्हर दोन्ही एकदम बदला, कव्हर कापल्यावर तोंड कानशीने सपाट करा आणि आतलं भोक दाभणाने मोकळं करा, हे न केल्यामुळे नवी वायर पण अडकते. लिव्हरमध्ये वायरची गोळी असते तिथे एक जरी धागा तुटलेला दिसला तर त्याच दिवशी बदला. ब्रेकच्या मधल्या बोल्टचे दोन नट एकमेकांवर आवळायचे, ब्रेकचे हात मोकळे हलले पाहिजेत पण डुगडुगता कामा नयेत. रबर टायरपासून जरा खाली, आणि त्याचं पुढचं टोक केसभर आधी टेकेल असं.

तुम्ही रविवारी एवढंच करा, हँडल पक्कं, चाक पक्कं, मग पुठ्ठा लावून फट. रिम सावकाश घासा पुढच्या आठवड्यात. नाही जमलं तर लिव्हर दाबलेला आणि सोडलेला असे दोन फोटो काढून टाका, कॉलर आणि यू दोन्ही दिसतील असे, आणि मागचं चाक फ्रेमच्या खाचेत कुठपर्यंत मागे गेलंय तो तिसरा.